बाबांच्या बैठकीच्या खोलीचे तापमान

शनिवार, १५ ऑक्टोबर २०२२

मी तोर्मोद ब्रेक्के, वय वर्षे सत्तावन्न, बर्गनच्या महाविद्यालयाचा वाणिज्य पदवीधर, हामार येथील लाकूड उत्पादकांच्या सहकारी संस्थेत कार्यालयप्रमुख. विवाह नऊ वर्षांपूर्वी संपुष्टात आला, अपत्य नाही. ही वही आजपासून लिहावयास घेत आहे. हेतू एकच. ग्रोदालच्या घरी वडील सिव्हर्ट ब्रेक्के यांच्यासाठी गेल्या मंगळवारी बसवून घेतलेल्या हीट पंपाची, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब खोलीत आणणाऱ्या यंत्राची, देखभाल कशी झाली, काय चुकले आणि शंका कुठे राहिली, हे माझ्यापाशी स्पष्ट असावे. तापमानाची नोंदवही वेगळी आहे; ती यंत्राखाली खिळ्याला टांगली आहे आणि ती कोणीही पाहावी. ही मात्र कोणी पाहू नये.

सप्टेंबरात घरपोच सेवेच्या परिचारिका योरून यांनी बाबांच्या बैठकीच्या खोलीत पंधरा अंश मोजले. बाबांना पंच्याऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत. गेल्या हिवाळ्यात उजवा खांदा निखळल्यापासून त्यांना लाकडांची टोपली उचलवत नाही, त्यामुळे शेगडी दिवसातून एकदाच पेटते. योरून यांनी स्वच्छ सांगितले की अठराच्या खाली पुन्हा आढळले तर त्यांना तसे लिहून वर पाठवावे लागेल, आणि मग हे घर त्यांच्या राहण्यास योग्य आहे की नाही, याचा विचार नगरपालिका करील. याचा अर्थ फुरुतुन, म्हणजे चर्चच्या मागचे वृद्धनिवास. आई गेली तेव्हा मी बाबांना शब्द दिला होता की या घरातून तुम्हाला कोणी हलवणार नाही. आज त्याची आठवण करून दिली.

बाबा म्हणाले, "तू म्हणशील तसं."

एवढे निःशंक उत्तर त्यांच्याकडून क्वचितच मिळते.

वेळापत्रक ठरवले आहे. दर शनिवारी बाहेरील युनिटची पाहणी. दर तिसऱ्या शनिवारी आतील दोन्ही जाळ्यांची सफाई. सकाळ-संध्याकाळचे तापमान बाबांनी लिहायचे, शनिवारचे मी. महिनाअखेरीस नोंदींची प्रत योरून यांना.

शनिवार, २२ ऑक्टोबर

तिसरा आठवडा अद्याप आलेला नाही, तरी बाबांना पद्धत दाखवावी म्हणून जाळ्या काढल्या. झाकण दोन्ही हातांनी वर उचलायचे, जाळी खालून किंचित दाबून बाहेर घ्यायची, व्हॅक्यूम क्लीनर बाहेरच्या बाजूने फिरवायचा, मग कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवायची. ओली जाळी परत बसवू नये. आत बुरशी धरते. बाबा व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरून उभे होते. त्यांचे लक्ष नव्हते.

"फुरुतुनला हालस्तेनच्या खोलीत म्हणे जमिनीखालून ऊब येते," ते म्हणाले. "नुसत्या मोज्यांवर फिरतो. त्याच्या बढाया ऐकून माझे कान किटले."

हालस्तेन मोएन चाळीस वर्षे लाकूडगिरणीत बाबांच्या शेजारच्या करवतीवर होते. ऑगस्टपासून ते तिथे राहतात.

"जमिनीखालच्या नळ्यांची देखभाल फार कटकटीची असते," मी म्हणालो.

"हो का? त्याला सांगतो."

"शिवाय तिथे जेवण साडेतीनला, सगळ्यांनी एकत्र. तुम्हाला जमलं असतं?"

"इथे मी अकरालाच जेवतो. थांबायचं कुणासाठी?"

जेवणाची वेळ अनियमित असल्याचे योरून यांच्या कानावर घालणे आवश्यक.

बाहेरील युनिटच्या पात्यांत भूर्जाची पाने अडकली होती. मऊ ब्रशने वरून खाली काढली. परतीला दोन तास दहा मिनिटे लागली. कार्यालयाचे मंगळवारपासूनचे काम अंगावर होतेच.

शनिवार, १२ नोव्हेंबर

मंगळवारी योरून यांचा दूरध्वनी आला: बैठकीच्या खोलीत सोळा अंश. आज मी पोहोचलो तेव्हा एकवीस. जाळ्या पाहिल्या, स्वच्छ होत्या. बाहेर पाण्याच्या निचऱ्याचे भोक पाहिले, मोकळे होते. बर्फ वितळवण्याची फेरी घड्याळ लावून तपासली: पंखा थांबला, वाफ निघाली, सहा मिनिटांनी पंखा सुरू. सर्व पुस्तिकेप्रमाणे. काहीच सापडले नाही. दोष सापडण्यापेक्षा न सापडणे मला अधिक थकवते.

"दमलं असेल," बाबा म्हणाले. "एवढा घाट चढून आलंय."

"यंत्र दमत नाही, बाबा."

"म्हणजे आपल्या घरात तू एकटाच दमतोस का?"

शनिवारची भाताची खीर त्यांनी करून ठेवली होती, वर लोणी आणि दालचिनी. आठवड्यात ती कधी करता का, असे विचारले. एकट्यासाठी पातेले विसळायचा कंटाळा येतो, म्हणाले. मग खात खात विचारले, "सोळा किती वेळा आलं की ती बाई लिहिते?"

"एकदाही येणार नाही अशी व्यवस्था करतो मी."

"ते कळलं रे. पण किती वेळा?"

त्यांना घोर लागलेला दिसला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितले की काळजीचे कारण नाही, मी आहे. ते चमच्याने खिरीवरचे लोणी कडेला सारत राहिले.

बुधवार, २३ नोव्हेंबर

काल, मंगळवारी, पुन्हा सतरा. आज रजा टाकून न कळवता आलो. खोलीत एकवीस अंश. बाबांनी गुळगुळीत दाढी केली होती आणि आईने विणलेला निळा स्वेटर घातला होता. दाराशी लहान बॅग होती.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. दाढी केली म्हणजे माणसाने निघायलाच पाहिजे का?"

बॅगेत दाढीचे सामान, झोपण्याचे कपडे, आईचा फोटो आणि पत्त्यांचा जोड. म्हाताऱ्या माणसांना इस्पितळाची धास्ती असते, ती बॅग भरून ठेवतात, असे वाचले आहे. मी एकेक वस्तू जागच्या जागी ठेवली आणि फोटो पुन्हा कपाटावर लावला. बाबा म्हणाले, "नीटनेटका आहेस." हामारला पोहोचेपर्यंत डोळे मिटत होते; एकदा गाडी बाजूला घ्यावी लागली.

शनिवार, ३ डिसेंबर

गॅसचा दाब तपासण्यासाठी प्रमाणित मिस्त्री बोलावला. रोआर नावाचा चाळिशीचा गृहस्थ. बूट दाराशी काढून लोकरी मोज्यांवर आला, हे मला बरे वाटले. दाब योग्य. नंतर त्याने यंत्राच्या स्मृतीतली नोंद फोनवर उतरवून घेतली आणि मान हलवली.

"ठणठणीत आहे. स्वतःहून एकदाही थांबलेलं नाही. दोन वेळा सोमवारी संध्याकाळी कुणीतरी बटण दाबून बंद केलंय आणि मंगळवारी दुपारी परत चालू."

"दोन्ही वेळा सोमवारीच?"

"ज्याने केलं त्याला परिचारिका कधी येते ते चांगलं ठाऊक आहे," तो हसत म्हणाला. "माझी सासू अशीच. डॉक्टर यायच्या दिवशीच लंगडते."

बाबा खिडकीबाहेर पक्ष्यांच्या दाण्याच्या घराकडे बघत होते. "यंदा खारींनी सगळं संपवलं," ते म्हणाले.

रोआर गेल्यावर मी विचार केला. दोन्ही रिमोट करडे आणि एकाच आकाराचे आहेत. सोमवारी टीव्हीवर बाबांचा शिकारीचा कार्यक्रम असतो. टीव्ही बंद करताना ते पंप बंद करतात, आणि दुसऱ्या दिवशी गारठल्यावर त्यांच्या लक्षात येते. कारण सापडल्याने मोठा भार उतरला. पंपाच्या रिमोटला कुलूप-संकेत लावला, भिंतीवरच्या बटणावर चिकटपट्टी मारली आणि टीव्हीच्या रिमोटवर लाल कापड गुंडाळले. नोंदवहीत स्पष्ट शेरा लिहिला: *नोव्हेंबरातील दोन कमी नोंदी वापरणाऱ्याच्या चुकीमुळे; चूक दुरुस्त केली आहे. तो. ब्रे.*

"टीव्ही तरी माझ्या ताब्यात आहे ना?" बाबांनी विचारले.

शनिवार, २४ डिसेंबर

सकाळी युनिटभोवतीचे बर्फ काढले. दुपारी वाफवलेले बरगडीचे मटण, बटाटे, सलगमाची भाजी. पाच वाजता चर्चच्या घंटा ऐकल्या. बाबांनी हालस्तेनना फोन लावला, पण तिकडे कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होते आणि काही ऐकू येईना. बाबांनी बराच वेळ तो तसाच कानाला धरून ठेवला. वीस मिनिटांनी मीच खूण केली.

"फोन आहे तो, बाबा."

"माहीत आहे फोन आहे ते."

नंतर त्यांनी मला विचारले की शनिवारी इथे आलो नाही तर मी हामारला काय करतो. मी म्हणालो, राहिलेले काम. आणि काम राहिलेले नसले तर? त्यांनी मला आणखी एक बटाटा वाढला. एकवीस अंश.

शनिवार, ७ जानेवारी २०२३

बाहेर उणे तेहेतीस. इतक्या थंडीत पंपाची शक्ती निम्म्यावर येते, हे अपेक्षित आहे. शेगडीची जोड द्यावी लागते. शुक्रवारी दुपारीच आलो. लाकडे आत आणून रचली. बर्फ वितळवण्याच्या फेऱ्या आता पाऊण तासाने होतात. निचऱ्याखाली बर्फाचा सुळका झाला होता, तो कोमट पाण्याने सोडवला; ठोकून काढू नये, पात्या वाकतात. हाताची बोटे बधिर. रविवारपर्यंत राहावे लागेल.

बाबांच्या झोपण्याच्या खोलीची खिडकी सवयीप्रमाणे वीतभर उघडी. मी बंद केली.

"ऐंशी वर्षं उघडी आहे ती," ते म्हणाले.

"उणे तेहेतीसमध्ये?"

"मी गोधडीखाली असतो. तिचा आणि माझा काय संबंध?"

खिडकी उघडी ठेवून दार बंद ठेवायचे, यावर तडजोड झाली. बैठकीत वीस अंश राखता आले. वीस! या दरीत आज किती घरांत वीस असेल, मला शंका आहे. हे मी बोलून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "तू माझा फार चांगला मुलगा आहेस, तोर्मोद." त्यांचा आवाज मला जड वाटला. सर्दी होत असावी.

शनिवार, २८ जानेवारी

आठ आठवडे सलग वीस ते बावीसच्या दरम्यान. जाळ्या धुतल्या. बाबांचे वजन सप्टेंबरपेक्षा तीन किलोंनी कमी. योरून यांनी पत्रकात लिहिले आहे. कारण समजत नाही. खोली तर उबदार आहे.

शनिवार, ४ फेब्रुवारी

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

योरून यांचा वार मंगळवार. पण रजेवरच्या सहकाऱ्याच्या जागी त्या आज आल्या. मी बाहेर युनिटजवळ ब्रश घेऊन बसलो होतो. गाडी बंद करून त्या माझ्यापाशी थांबल्या. पन्नाशीच्या, दणकट, आवाज मोठा.

"वाईट वाटलं हो," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही तरी काय करणार. तुमच्यासारखी नोंदवही मी तीस वर्षांत पाहिली नाही."

"कशाचं वाईट वाटलं?"

"नकाराचं. फुरुतुनचा अर्ज."

मी म्हणालो की आम्ही असा कोणताही अर्ज केलेला नाही.

योरून यांनी गाडीच्या किल्ल्या खिशात टाकल्या. "त्यांनी केलाय. ऑक्टोबरात, पंप बसला त्याच आठवड्यात. फॉर्म मीच भरून दिला, सही त्यांची. मुलाला मी सांगतो म्हणाले. मला सांगायची परवानगी नव्हती. मला वाटलं, एव्हाना…" आणि थोड्या वेळाने, "सिव्हर्टनी तुम्हाला सांगितलंच नाही?"

"ते स्वतः जायला निघाले होते?"

"हालस्तेनच्या शेजारची खोली रिकामी होती तेव्हा. जानेवारीत भरली."

त्या आत गेल्या. नियमाप्रमाणे वीस मिनिटे थांबून निघाल्या. मी पात्या पूर्ण केल्या, कारण अर्ध्यावर सोडल्या असत्या तर उरलेल्या भागावर बर्फ असमान धरले असते. मग स्वयंपाकघरात जाऊन कात्र्यांच्या खणात पाहिले. पत्र तिथेच होते. बाबा सर्व महत्त्वाची कागदपत्रे तिथे ठेवतात. मजकूर उतरवून घेतला:

*अर्जदाराच्या निवासस्थानी समाधानकारक आणि उत्तम देखभालीची उष्णता-व्यवस्था आहे, हे नातेवाइकाने ठेवलेल्या काटेकोर नोंदींवरून दिसून येते. नोव्हेंबरातील दोन कमी नोंदी वापरातील चुकीमुळे असून नातेवाइकाने ती दूर केली आहे. सबब सध्याच्या घरी राहणे शक्य असल्याने अर्ज नामंजूर.*

दोनदा वाचले. तपशिलाची एकही चूक नाही. खीर खाल्ली. बाबा हवामानाचे सांगत होते. मी चारला निघालो.

रविवार, ५ फेब्रुवारी

मागची पाने वाचून काढली. सर्व लिहिलेले आहे. माझ्याच हस्ताक्षरात, तारीखवार. बॅग मी रिकामी केली. पत्त्यांचा जोडसुद्धा खणात ठेवला.

शनिवार, ११ फेब्रुवारी

आदल्या आठवड्यात बर्फ फार पडले. युनिटचे छप्पर मोकळे करायचे होते. बाबा बाहेर आले आणि दुसरे फावडे डाव्या हातात धरून उभे राहिले. समोरासमोर बसून बोलणे आम्हाला जमत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. दोघेही युनिटकडे तोंड करून होतो.

"पत्र वाचलं मी," मी म्हणालो.

"खणातलं?"

"हो."

"मला वाटलंच. कात्र्या सरळ लावलेल्या होत्या."

मी विचारले की त्यांनी मला का सांगितले नाही. त्यांनी फावड्याने बर्फाचा एक ढीग थोपटला, पुन्हा थोपटला.

"सांगणार होतो. पहिल्याच शनिवारी. तू आलास तो हातमोजे, ब्रश, पुस्तिका घेऊन. दोन तास पुसत बसलास. इतकं पुसणाऱ्या माणसाला काय सांगायचं?"

"'नको', एवढंच सांगायचं."

"आणि मग शनिवारी तू कुठे गेला असतास?"

मी युनिटच्या छपरावर फावडे चालवले. तेच पुढे म्हणाले, "आईच्या वेळी तू शब्द दिलास, तो मी मागितला नव्हता. पण तू रडत होतास. मग म्हटलं, देऊ दे."

"म्हणून सोमवारी बटण दाबत होतात."

"दोनदाच. गारठून मेलो असतो. तुझं मशीन फार गुणी आहे, बंद केलं की लगेच कळतं."

मी हसलो असे मला वाटते. त्यांनी चिकटपट्टी काढायला सांगितली. सोमवारी बंद करू, मंगळवारी सोळा, एवढी साधी गोष्ट, असे म्हणाले. मी नकार दिला. खोटी नोंद माझ्या हातून होणार नाही, आणि खरी थंडी मी त्यांना सोसू देणार नाही.

"मग इथेच मरायचं, एकवीस अंशांत?"

"अपील करता येतं. तीन आठवड्यांची मुदत आहे. दहा दिवस उरलेत."

"काय लिहिणार अपिलात? तूच सगळं उत्तम लिहून ठेवलंयस."

बुधवार, १५ फेब्रुवारी

तीन मसुदे फाडले. तापमान अचूक आहे, जाळ्या स्वच्छ आहेत, घर उबदार आहे. माझ्या हातात दुसरे काहीही नाही. कार्यालयात दोनदा माझे लक्ष नाही असे निदर्शनास आणून देण्यात आले. तेथे बत्तीस वर्षांत हे प्रथमच.

शनिवार, १८ फेब्रुवारी

आज पंपाला हात लावला नाही. टेबलाशी बसलो, कोरा कागद घेतला आणि बाबांना प्रश्न विचारले. प्रथम त्यांनी चेष्टा केली. "पोलीसचौकी उघडलीस का?" मग उत्तरे देऊ लागले.

मी शनिवारी चारला निघतो. योरून मंगळवारी दहाला येतात. मध्ये सहासष्ट तास. या काळात कोणी आले का? कोणी नाही. कोणाशी बोललात? रेडिओशी, पण तो ऐकत नाही. टपालपेटी खाली रस्त्याशी. टपालवाला दिसतो, भेटत नाही. मंगळवारी साडेदहापासून शनिवारी मी येईपर्यंत शहाण्णव तास. आईच्या खुर्चीवर आईनंतर कोण बसले? तू. आणखी? योरून, एकदा, बुटाची नाडी बांधायला. जेवण? उभ्याने, ओट्याशी, ब्राऊन चीज आणि ब्रेड; बसले की समोरची खुर्ची दिसते. पत्ते? एकट्याचे. जिंकता का? "मी कुणाला हरवतो ते कळत नाही, म्हणून सोडून दिलं."

त्यांनी हे सर्व हवामान सांगावे तसे सांगितले. मी लिहीत होतो. चार महिने मी या खोलीत दर शनिवारी पाच तास बसलो आहे.

अपील दीड पानांचे झाले. त्यातील एक परिच्छेद येथे ठेवतो: *सोबतच्या तापमानाच्या नोंदी खऱ्या आहेत आणि मी त्यांना बांधील आहे. त्या खोलीच्या आहेत. खोलीत राहणाऱ्या माणसाच्या नोंदी कोणी मागितल्या नव्हत्या आणि मीही ठेवल्या नाहीत. त्या आता जोडत आहे. वजनातील घट परिचारिकांच्या पत्रकात आहेच. अर्जदारास जायचे आहे. मुलाच्या भिडेमुळे त्यांनी ते सांगितले नाही, ही जबाबदारी माझी.*

बाबांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा पुसला आणि "भिडेमुळे" हा शब्द काढायला सांगितला. मी काढला नाही. प्रथमच.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

योरून यांचा दूरध्वनी. हालस्तेन मोएन यांना काल अर्धांगाचा झटका आला. जिवाला धोका नाही. वाचा गेली आहे. त्यांच्या शेजारची खोली ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत रिकामी होती, हे त्या बोलल्या नाहीत. त्याची गरज नव्हती.

बाबांना मी सांगतो, असे म्हणालो. संध्याकाळी फोन केला. पंपाच्या पंख्याचा आवाज फोनमधून स्पष्ट ऐकू येत होता.

"बाबा?"

"आयुष्यभर तोच बोलत होता," ते म्हणाले. "मला मध्ये तोंड घालायला मिळायचं नाही."

मग त्यांनी फोन ठेवला.

शनिवार, २५ मार्च

अपील मंजूर. बारा एप्रिलपासून खोली. पत्राबरोबर माझी नोंदवही परत आली आहे, व्यवस्थित लिफाफ्यात. आनंद व्हावा इतके त्राण नाही. जाळ्या धुऊन उन्हात ठेवल्या, मग चूक लक्षात येऊन सावलीत हलवल्या.

मी विचारले की आता हालस्तेन बोलू शकत नाहीत, तरी जायचे का.

"आता तर जायलाच पाहिजे," बाबा म्हणाले. "माझी पाळी आली आहे."

शनिवार, २२ एप्रिल २०२३

सकाळी आधी घरी गेलो. पाणी बंद केले, फ्रीज रिकामा करून दार उघडे ठेवले, शेगडीची राख काढली. पंपाला रिकाम्या घरासाठी दहा अंशांची सोय आहे, ती लावली. नोंदवहीत शेवटची ओळ लिहून ती खिळ्यावरून काढली. बाहेर युनिटच्या खालचे बर्फ पाणी होऊन वाहत होते.

साडेबाराला फुरुतुन. बाबा आपल्या खोलीत नव्हते. हालस्तेनच्या खोलीत होते, मोज्यांवर, पत्ते मांडून. हालस्तेन खिडकीशी चाकांच्या खुर्चीत. उजवी बाजू ढिली, डोळे मात्र तेच, गिरणीतले. बाबा दोघांचेही पत्ते खेळत होते आणि हालस्तेनच्या पत्त्यांना नावे ठेवत होते. मला पाहून त्यांनी खुर्ची पुढे ढकलली.

"बस. कोट काढ. इथे फार गरम होतं."

मी छताजवळच्या हवेच्या जाळीकडे पाहिले. धुळीचा थर होता. हात वर गेलाही असेल.

"तिला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "त्यासाठी इथे एक माणूस आहे. तू हालस्तेनशी बोल. मी दहा दिवस बोलतोय, माझं सगळं संपलं. त्याला नवा आवाज आवडतो."

मी म्हणालो की मला काय बोलावे ते कळत नाही.

"जे येतं ते सांग."

मी हालस्तेनकडे वळलो. मला जे येते ते सांगू लागलो: झाकण दोन्ही हातांनी वर उचलायचे. एका हाताने उचलले तर बिजागरी तुटते. जाळी खालून किंचित दाबायची, ती स्वतःहून सुटते, ओढायची नाही. बाहेरच्या बाजूने व्हॅक्यूम क्लीनर. आतून फिरवला तर धूळ जाळीत रुतते. मग कोमट पाणी, गरम नाही, साबण अगदी थोडा. हालस्तेनची नजर माझ्या हातांवर होती. मी हवेत झाकण उचलून दाखवले, जाळी काढून दाखवली, नळाखाली धरून दाखवली. त्यांचा डावा हात मांडीवर किंचित वळला, पाणी निथळवावे तसा. मी जाळी पुन्हा बसवली आणि झाकण खाली आणले.

बाबा पत्ते पिसत होते. मान वर न करता म्हणाले, "वाळवायचं राहिलं. ओली बसवलीस तर आत बुरशी धरते. पहिल्यापासून सांग त्याला."

तोर्मोद ब्रेक्के
फुरुतुन, ग्रोदाल
२२ एप्रिल २०२३